जांभूळखोऱ्याची गाडी आणि साळूबाईचा कोरम

एका जंगलात, मुलांनो (आधी नीट मांडी घाला, खाजवाखाजवी मागाहून करा), एक आगगाडी होती.

जंगलात आगगाडी कुठून आली, असं विचारू नका. माणसं सोडून गेली. कोणी पाहुण्याघरी छत्री विसरतं, त्यांनी आगगाडी विसरली. एक काळं इंजिन, थोडे डबे आणि जंगलाच्या या टोकापासून दरीच्या पुलावरून पलीकडच्या जांभूळखोऱ्यापर्यंत गेलेले रूळ.

प्राणी म्हणाले, आपण गाडी चालवू.

आता गाडी चालवायला सगळ्यात आधी काय लागतं, सांगा पाहू? कोळसा? चूक. पाणी? साफ चूक. मंडळ लागतं! म्हणून त्यांनी अखिल जंगल जुनी आगगाडी जतन मंडळ काढलं.

मंडळात सगळे हौशी. पगार कोणालाच नाही, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही. उशिरा आला तरी उपकार, लवकर पळाला तरी उपकार. पगाराऐवजी प्रत्येकाला एकेक पद दिलं होतं. गवा बापूसाहेब अध्यक्ष. मोर मयूरराव उपाध्यक्ष आणि रंगप्रमुख. वानरांत शिट्टीप्रमुख होता, झेंडाप्रमुख होता, खिडकीप्रमुख होता. एक वानर नुसताच प्रमुख होता. इंजिन चालवायचं काम तेवढं धोंडूमामा अस्वलाकडे होतं, कारण त्यात अंग काळं होतं.

आणि चिटणीस होती साळूबाई साळिंदर.

ही आपली गोष्टीतली बाई. तिच्या मागेमागे चला, पण जरा अंतर ठेवून. तिला राग आला की पाठीवरचे काटे फुलायचे आणि खुळखुळ वाजायचे. आणि राग तिला एकाच गोष्टीचा यायचा. नियम मोडण्याचा. मंडळाचे सगळे नियम तिनेच केले होते, आणि स्वतःच्या पोरीपेक्षा त्यांच्यावर तिचा जीव होता. निदान तोवर तरी होता.

त्या मंडळाची एक रीत होती. सभेला निम्म्याहून जास्त सभासद हवेत. त्याला कोरम म्हणतात. कोरम झाला नाही तर सभा तहकूब करायची, आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरवायची. दुसऱ्या सभेला कोरमची अट नाही. एकटा डास आला तरी चालतो.

हे एकदा कळल्यावर पहिल्या सभेला कोण येणार? सगळे आपले दुसऱ्या सभेला यायचे. पहिल्या सभेला एकटी साळूबाई. वेळेवर यायची, घंटा वाजवायची, रिकाम्या फलाटाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणायची, "कोरम नाही. सभा तहकूब." मग अर्धा तास काटे खुळखुळवत बसायची.

असं बरं चाललं होतं. मग मंडळाचा वाढदिवस आला.

बापूसाहेबांना भाषण करायचं होतं. ते म्हणाले, "भाषणाला उंची हवी." आणि जाऊन उभे राहिले दरीवरच्या पुलाच्या मधोमध. भाषण रंगलं. "आपल्या खांद्यावर केवढा भार आहे!" असं म्हणून त्यांनी पाय आपटला, तशी रुळाखालची एक फळी कडाड्‌कन मोडली.

झालं. गाडी बंद. चौकशी झाली, अहवाल आला. अहवालात लिहिलं होतं की फळी भाराने मोडली. कोणाच्या भाराने, ते लिहायला जागा उरली नव्हती.

त्याच दिवशी साळूबाईने उट्टं काढलं. तिने नवा नियम मांडला. बंद गाडी पुन्हा सुरू करायची, तर ठराव कोरम भरलेल्या पहिल्या सभेतच झाला पाहिजे. तहकूब सभेत चालणार नाही, आणि हा नियम बदलायचा तरी तसाच.

"यायला शिका वेळेवर," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम मंजूर झाला. कुठल्या सभेत झाला? अहो, तहकूब सभेत!

मग दुरुस्ती सुरू झाली. रानडुकरांनी नवी फळी ओढत आणली, धोंडूमामाने ठोकली. मयूररावांनी म्हटलं, "रंग कोणता द्यायचा यावर उपसमिती नेमू." धोंडूमामा म्हणाला, "फळी रुळाखाली जाणार, मयूरराव. दिसणार कुणाला?" मयूरराव म्हणाले, "वारसा आहे हा, धोंडू. तुला नाही कळायचं." वारसा म्हणजे काय ते तुम्हालाही कळायचं नाही, मुलांनो. जी वस्तू धड चालत नाही आणि टाकवतही नाही, ती वारसा. आजोबांना विचारू नका, त्यांना वाईट वाटेल.

पुढे पूल तपासायला सरकारी साहेब आले. साहेब म्हणजे खवल्या मांजर. फार हुशार प्राणी. चहा घेतला, पूल कसा बांधतात यावर तास घेतला. साळूबाई म्हणाली, "साहेब, तेवढी सही."

सही म्हटल्याबरोबर साहेबांनी डोकं पोटात घातलं, शेपूट वरून लपेटलं आणि त्यांचा गोळा झाला. हाका मारल्या, गुदगुल्या केल्या. गोळा तो गोळा.

धोंडूमामा कंटाळला. त्याने गोळ्याला पायाने हलकेच ढकललं. गोळा गडगडत पुलावर गेला, नव्या फळीवरून टणकन उडाला आणि पलीकडे सुखरूप पोचला.

साळूबाईने लिहून घेतलं, "साहेबांनी पूल जातीने ओलांडून पाहिला. पूल मजबूत आहे."

सगळं तयार झालं. पूल तयार, इंजिन तयार, साहेब पलीकडे. राहिला फक्त कोरम.

आणि तो काही होईना. साळूबाई सभा बोलवायची, घंटा वाजवायची, फलाटावर चिटपाखरू नसायचं. अर्ध्या तासाने सगळे हजर! "करा करा, गाडी सुरू करा," म्हणायचे. ती म्हणायची, "आता करता येत नाही. ही तहकूब सभा आहे." ते म्हणायचे, "नियम कोणी केला हा?" ती घंटा काखेत मारून घरी जायची.

अशात एक दिवस जांभूळखोऱ्याहून टिटवी आली. टिटवीला कानात सांगता येत नाही. ती फलाटावर बसली आणि साऱ्या जंगलाला ऐकू जाईल अशी ओरडली, "साळूबाई! तुमची टोकी दोन जिवांची आहे! दिवस भरत आलेत! विहीणबाई म्हणतात, न्यायला येणार असाल तर या, नाहीतर आम्ही इथेच उरकतो! आणि मग नावही आम्हीच ठेवणार!"

टोकी ही साळूबाईची एकुलती एक लेक. गेल्या साली जांभूळखोऱ्यात दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही साळिंदरांचीही रीत आहे. पायवाट दरीत उतरून वर चढायची, भरल्या पोटाच्या पोरीने ती कशी चढायची? यायचं तर गाडीनेच.

"आणखी काय म्हणाली टोकी?" साळूबाईने हळू विचारलं.

टिटवी हळू बोलायला गेली आणि आणखीच जोरात ओरडली, "सासू अजून बिळं खणायला लावते म्हणाली! आईला म्हणावं, गाडीची वाट बघतेय!"

साळूबाईचे काटे उभे राहिले, पण वाजले नाहीत.

संध्याकाळी धोंडूमामा तिच्याजवळ येऊन बसला. "साळूबाई, उद्या सकाळी मी गुपचूप गाडी काढतो. लेकीला घेऊन येऊ. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" साळूबाई म्हणाली.

"अगं, तुझीच पोरगी."

"आणि नियम कुणाचा? माझाच. माझ्या पोरीसाठी मी मोडला तर उद्या मयूरराव रंगासाठी मोडतील आणि वानरं मजेसाठी."

"मग बदल नियम."

"बदलायलाही कोरम लागतो," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडूमामाने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पाठ बघितली, आणि आपलाच गुडघा थोपटला.

मग साळूबाई कामाला लागली. तिने सभेला जेवण ठेवलं. सगळे जेवणाच्या वेळेला आले. तिने सभेची वेळ अर्धा तास अलीकडे सांगितली. सभासद हिशेबाला पक्के, त्यांनी तो अर्धा तास ओळखला, वर तहकुबीचा अर्धा तास धरला आणि बरोबर दुसऱ्या सभेलाच आले. ती मयूररावांच्या घरी गेली, हात जोडले.

मयूरराव म्हणाले, "साळूबाई, तुमची अडचण कळते हो. पण पहिल्या सभेला जाणं बरं दिसत नाही. लोक म्हणतील, याला घरी काम नाही वाटतं."

शेवटी तिने दवंडी पिटवली की या सभेला जो हजर तोच पहिल्या गाडीत बसणार.

ही मात्रा लागू पडली. त्या दिवशी सगळे वेळेवर निघाले. पण फलाट दिसायला लागला आणि प्रत्येकाचे पाय थबकले. सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं? छे छे! अधाशी दिसू आपण. दुसरा कोणी बसला की जाऊ. असं म्हणत एकेक जण फलाटाभोवतीच्या झुडपांत शिरला. एका झुडपात दोघे भेटले तर "मी आपला इथे करवंदं बघायला आलो" म्हणायचे. करवंदीचं झुडूप नसलं तरी.

साळूबाईने घंटा वाजवली. फलाट रिकामा. टोकी तिकडे रुळाकडे डोळे लावून बसली असेल, आणि इकडे पुन्हा तेच म्हणायचं. तिने तोंड उघडलं, "कोरम..."

आणि थांबली. समोरच्या झुडपातून मोराचा पिसारा जमिनीवर लोळत होता. डावीकडच्या बांबूंतून शेपट्या लोंबत होत्या, वाऱ्याने हलत नव्हत्या आणि बांबूच्याही नव्हत्या. पलीकडे एक अख्खं झुडूप श्वास घेत होतं.

साळूबाई पहिल्यांदा त्या फलाटावर गालात हसली. तिने घसा साफ केला.

"सभेपुढचा पहिला विषय," ती रिकाम्या फलाटाला म्हणाली. "इंजिनातली राख काढायला कायमचा माणूस नेमणे. मी मयूररावांचं नाव सुचवते. हरकत नसेल तर..."

"हरकत! हरकत!" पिसारा झुडपात अडकलेला, मयूरराव उलटे बाहेर आले.

"हरकत घेणारा सभेला हजर धरला जातो," साळूबाई म्हणाली. "बसा. दुसरा विषय. वानरांच्या पदांची छाटणी. नुसता प्रमुख या पदापासून सुरुवात करू..."

बांबूंतून वानरांचा पाऊस पडला. "अन्याय आहे हा! आम्ही काय पाप केलं?"

"बसा. तिसरा विषय. पुलावरची फळी नक्की कोणाच्या भाराने मोडली, याची फेरचौकशी."

श्वास घेणारं झुडूप मुळासकट उठलं आणि चालत फलाटावर आलं. त्याच्याखाली बापूसाहेब होते. "साळूबाई, जुन्या गोष्टी उकरून मंडळात फूट पाडू नका!"

मागोमाग रानडुकरं आली, ससे आले, ज्यांचं नाव निघालं नव्हतं तेही आपलं निघेल या भीतीने आले. फलाट भरला. सगळे एकदम ओरडत होते. साळूबाईने घंटा हाणली.

"कोरम झाला! चौथा विषय, गाडी सुरू करणे. हरकत?"

ओरडून ओरडून सगळ्यांचा दम संपला होता. पुढचा श्वास घेईपर्यंत ठराव मंजूर झाला. लांब इंजिनाजवळ बसलेल्या धोंडूमामाने न विचारता शिट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. इंजिनाला झेंडूच्या माळा, पुढे नारळ फोडलेला. डबा एकच जोडला होता, कारण बाकीच्यांचा रंग वाळायचा होता. त्या एका डब्यात अख्खं मंडळ बसलं. बापूसाहेबांना पुलावर तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घातली होती. ती त्यांनी पाळली, पण पूल संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

साळूबाई दारात उभी होती. तिच्या हातात हिरवा झेंडा होता आणि काखेत कंदांच्या लाडवांचं गाठोडं. वारं लागून तिचे काटे मऊ खुळखुळत होते.

जांभूळखोऱ्याच्या फलाटावर टोकी उभी होती. पोट जमिनीला टेकलेलं, पायांना माती. शेजारी विहीणबाई.

"आलात का?" विहीणबाई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, नातवंडाच्या लग्नाला याल."

"आई," टोकी एवढंच म्हणाली. साळूबाईने तिला हाताला धरून डब्यापाशी आणलं आणि आत बघितलं.

आत मुंगी शिरायला जागा नव्हती.

"बापूसाहेब, लेकीला जरा आडवं व्हायला जागा हवी. चार जण उतरून पुढच्या फेरीने या."

"अवश्य, अवश्य," बापूसाहेब म्हणाले. "मंडळाच्या वतीने मी सर्वांना आवाहन करतो." आणि स्वतः आणखी रेलून बसले.

"माझं काही नाही," मयूरराव म्हणाले, "पण पिसारा एकदा मांडला की मोडता येत नाही."

वानरांपैकी खिडकीप्रमुख खिडकी सोडेना, कारण पद गेलं असतं. नुसता प्रमुख म्हणाला, "मी कशाचाच प्रमुख नाही, मग उठू कशावरून?"

धोंडूमामा इंजिनातून वाकून म्हणाला, "माझ्यापाशी बसव तिला." पण तिथे भट्टीची धग. टोकीने पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "आई, फार उभं राहवत नाही गं."

विहीणबाई म्हणाल्या, "राहू दे मग. आमचं बीळ आहेच. दोन हात खणायचं बाकी आहे, तेवढं ती खणेल."

साळूबाईने एकदा लेकीकडे बघितलं आणि एकदा डब्याकडे. काटे सर्रकन फुलले. आता ही बाई सगळ्यांना टोचणार, असं धोंडूमामाला वाटलं. पण काटे पुन्हा खाली बसले. तिने झेंडा ठेवला, हातघंटा घेतली आणि दारात उभी राहून वाजवली.

"सभासदांनो! मंडळाची तातडीची सर्वसाधारण सभा. याच डब्यात. आत्ता!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मग मयूरराव उठले. त्यांनी पिसारा बिनबोभाट मिटला. "जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले.

वानरांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. "इथली जांभळं चांगली असतात म्हणे!" रानडुकरांना पाणी प्यायचं होतं. सशांना काहीतरी आठवलं. सगळ्यात शेवटी बापूसाहेब उठले. "अध्यक्षाने पहिल्या सभेला बसून राहणं शोभत नाही," ते साळूबाईला समजावून म्हणाले, "तुम्ही जाणताच." ते उतरले, तसा डबा हातभर वर आला.

डबा रिकामा.

"कोरम नाही," साळूबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच ठिकाणी, म्हणजे याच डब्यात, पुन्हा भरेल." तिने लेकीला आत घेतलं, बाकावर आडवं केलं, लाडवांचं गाठोडं उशाला दिलं. विहीणबाईंना हात जोडले आणि हिरवा झेंडा दाखवला.

गाडी सुटली. जांभळीवरच्या वानरांनी शिट्टी ऐकली. "पहिल्या सभेची असेल," ते म्हणाले. "वेळ आहे अजून."

अर्ध्या तासाने, गाडी दरीच्या पुलावर असताना, साळूबाईने पुन्हा घंटा वाजवली आणि तहकूब सभा भरवली. हजर सभासद एक. गरोदर बाईला डब्यात आधी जागा मिळेल, असा ठराव तिने मांडला. तिनेच अनुमोदन दिलं. हरकत घ्यायला कोणी नव्हतं. टोकी लाडू खात म्हणाली, "आई, तुझी सभा अशी असते होय? मला वाटायचं, फार कंटाळवाणी असेल."

मंडळ पायी परत आलं. सगळे रुळांवरून चालत, साळूबाईचा निषेध कोणी मांडायचा यावर भांडत आले. निषेधासाठी सभा बोलावली, तर पहिल्या सभेला कोणीच आलं नाही. दुसऱ्या सभेला सगळे आले. निषेध एकमताने मंजूर झाला, आणि तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला चिटणीस साळूबाईनेच. दुसरं कोण लिहिणार? लिहायच्या कामाला पद नव्हतं.

टोकीला माहेरी मुलगी झाली. मऊ मऊ काट्यांची. बारशाचं बोलावणं साऱ्या मंडळाला गेलं, विहीणबाईंनाही गेलं. विहीणबाईंनी मनात एक नाव ठरवून आणलं होतं. पण मंडळ म्हणालं, आमच्याबरोबर चला, बारशाला लवकर जाणं बरं दिसत नाही. सगळे मिळून पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं, घुगऱ्या संपल्या होत्या, आणि धोंडूमामा काळ्या हातांनी पाळणा हलवत होता.

तात्पर्य : मुलांनो, वेळेवर कधी जाऊ नये. चार शहाणी माणसं वेळेवर जायला लागली, तर गाडीत गरजवंताला जागा कुठून मिळणार? आणि बसलेला माणूस विनंती करून उठत नाही, रागावून उठत नाही, लाजून तर मुळीच उठत नाही. त्याला मानाने सभेला बोलवावं.